भुतांचा धावता गेम तिसऱ्या मिनिटाला अटकतो, बंद करून उघडला की चालतो, आणि पुन्हा अटकतो

"मामा, पाहा ना, पुन्हा अटकून राहिला."

माझ्या भाच्याच्या तोंडून हे वाक्य मी दिवाळीत ऐकलं, संक्रांतीला ऐकलं, आणि मे महिन्यात नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना तिसऱ्यांदा ऐकलं. गेम त्यानं स्वतः बनवलाय. ब्राउझरमध्ये चालतो, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. एक पोरगा आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या अंधाऱ्या गल्लीतून धावतोय, समोरून मुंजा, हडळ, खवीस येताहेत. उडी मारायची, गोळ्या झाडायच्या, जितकं लांब जाल तितके गुण. शेवट नाही, फक्त वेग वाढत जातो. पहिली दोन मिनिटं एकदम झकास चालतो. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास धक्के बसायला लागतात, मग उडीचं बटण दाबल्यावर पोरगा अर्ध्या सेकंदानं उडतो, आणि तोवर हडळीनं धरलेलं असतं.

तीनदा आम्ही तो दुरुस्त केला. तीनदा तो परत आला, कारण तिन्ही वेळा दोष वेगळा होता आणि लक्षण एकच होतं. असे गेम खेळणाऱ्या आणि बनवणाऱ्या बऱ्याच पोरांना मी याच जागी हात टेकताना पाहिलंय. एक उपाय सापडतो, आठ दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच सुरू झालं की उपायच चुकीचा होता असं वाटतं. उपाय बरोबर असतो, दोष दुसरा असतो. म्हणून काहीही बदलण्याआधी मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि गेम कधी अटकतो ते लिहून ठेवा. पहिल्या सेकंदापासून? ठरावीक अंतरानं? हळूहळू वाढत? की दुसऱ्या टॅबवरून परत आल्यावर? दोष कुठला ते या वेळेवरूनच कळतं.

आधी नेटला निर्दोष सोडा

घरात प्रत्येक जण पहिला दोष नेटला देतो. ताईनं तर वायफायवाल्याला फोनही लावला होता. पण असा गेम एकदा उघडला, चित्रं आणि आवाज उतरले, की त्याला नेट लागत नाही. जाहिराती आणि ऑनलाइन गुणतक्ता सोडला तर सगळं तुमच्याच मशीनच्या मेमरीत असतं. खात्री करायला धाव सुरू असतानाच वायफाय बंद करा. आमचा गेम नेटशिवायही धावत राहिला आणि त्याच जागी अटकला. नेटचा विषय तिथेच संपला.

नेट बंदच आहे तर आणखी एक चाचणी उरकून घ्या. क्रोममध्ये कुठलीही साइट उघडायचा प्रयत्न करा. डायनोसॉर दिसेल, स्पेसबार दाबा, तो धावायला लागेल. २०१४ पासून क्रोममध्ये असलेला हाही न संपणारा धावण्याचाच गेम आहे आणि अगदी हलका आहे. पाच मिनिटं तो खेळा. तोही धक्के खात असेल तर तुमच्या गेममध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही, दोष मशीनचा किंवा ब्राउझरच्या सेटिंगचा आहे. तो सरळ धावत असेल तर पुढे वाचा.

सगळ्यात कामाची चाचणी : लगेच रिफ्रेश

गेम अटकायला लागला की त्याच क्षणी, पाणी प्यायलासुद्धा न उठता, पान रिफ्रेश करा आणि पुन्हा धावायला लागा.

रिफ्रेशनंतर गेम पुन्हा दोन मिनिटं झकास चालला, तर दोष गेमच्या आत आहे. काहीतरी साचतंय, आणि रिफ्रेश केल्यावर ते झाडून निघतं. रिफ्रेशनंतरही पहिल्या सेकंदापासून गेम रडतोय, पण मशीनला दहा मिनिटं विश्रांती दिल्यावर सुधारतो, तर दोष उष्णतेचा आहे. या दोन दोषांची सगळ्यात जास्त गल्लत होते. दोन्हींत गेम 'थोड्या वेळानं' अटकतो आणि दोन्हींत 'बंद करून उघडला' की चालतो. लोक बंद करतात, जेवून येतात, मग उघडतात. पान नव्यानं उघडलं म्हणून चाललं की मशीन थंड झालं म्हणून, हे मग कळायला मार्गच उरत नाही.

पहिली खेप : पडद्याबाहेर गेलेली भुतं

दिवाळीत रिफ्रेश केल्यावर गेम ताजा व्हायचा. म्हणजे आत काहीतरी साचत होतं. भाच्याला म्हटलं, पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे छाप : यादीत आत्ता भुतं किती आणि गोळ्या किती. त्यानं छापले आणि आम्ही खेळायला बसलो.

तीन मिनिटांनी पडद्यावर नऊ भुतं दिसत होती. कोपऱ्यातला आकडा होता ५४०. गोळ्या २५००.

पोरगा पुढे धावतो तशी न मारलेली भुतं मागे, डाव्या कडेच्या बाहेर जातात. दिसेनाशी होतात, पण यादीतून कोणी त्यांना काढलंच नव्हतं. ती डावीकडे धावतच होती. उजवीकडून बाहेर गेलेल्या गोळ्यांचंही तेच. आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवं चित्र काढताना दरवेळी, गेम प्रत्येक गोळी प्रत्येक भुताला लागली का ते तपासत होता. ५४० गुणिले २५०० म्हणजे साडेतेरा लाख तपासण्या. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर आठ कोटी दहा लाख. एका फ्रेमला वेळ मिळतो जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद, त्यात चित्रही काढायचं असतं.

पहिली दोन मिनिटं सगळं ठीक का चालतं तेही इथेच कळतं. भुतं आणि गोळ्या दोन्ही याद्या वेळेनुसार वाढतात, त्यामुळे काम त्यांच्या गुणाकारानं वाढतं. पहिल्या मिनिटाच्या शेवटी जेवढ्या तपासण्या असतात, त्याच्या नऊपट तिसऱ्या मिनिटाला. वेळ तिप्पट, काम नऊपट. म्हणून गेम हळूहळू मंदावत नाही, एकाएकी कोलमडतो.

उपाय साधा आहे. भूत किंवा गोळी कडेच्या बाहेर गेली की यादीतून काढा. एक काळजी मात्र घ्या, आमचा अर्धा दिवस तिथे गेला. यादी सुरुवातीकडून शेवटाकडे वाचत असताना मधलं एखादं भूत काढलं, तर मागची सगळी एक जागा पुढे सरकतात आणि त्याच्या लगतचं भूत त्या फ्रेमला वगळलं जातं. आमच्याकडे एक भूत मारलं की शेजारचं क्षणभर लुकलुकायचं. धाकट्या भाचीला ते फार आवडलं, तिला वाटलं भुतं घाबरताहेत. यादी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा, लुकलुक थांबेल.

त्याही पुढे जाऊन, दर गोळीला नवी वस्तू तयार करणंच बंद करा. ६० गोळ्या एकदाच करून ठेवा, वापरून झालेली परत घ्या, तीच पुन्हा झाडा. जावास्क्रिप्टमध्ये टाकून दिलेल्या वस्तूंचा कचरा ब्राउझर स्वतः गोळा करतो, आणि कचरा फार झाला की तो गोळा करताना गेमला बारीक धक्का बसतो. ठरावीक अंतरानं बसणारे छोटे धक्के बहुधा यातलेच असतात. दुसरा संशयित म्हणजे दर फ्रेमला सर्वोच्च गुण ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे मशीनवरच्या त्याच्या साठ्यात, लिहिणं. ते लिहून होईपर्यंत बाकी सगळं थांबतं. खेळ संपल्यावर एकदा लिहा, पुरे.

दुसरी खेप : मारबत आली, भुतं गेलीच नाहीत

संक्रांतीला तक्रार आली ती भाचीकडून. भाचा म्हणाला, "माझ्याकडं तं अटकत नाही, हिच्याचकडं काऊन अटकून राहिला?" लॅपटॉप एकच, ब्राउझर एकच. फरक एवढाच की भाची त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं खेळते.

मधल्या काळात त्यानं गेममध्ये मारबत घातली होती. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. अख्खी इतवारी-महाल रस्त्यावर असते, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर चालतो, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात आणि मिरवणुकीच्या शेवटी दहन होतं. वर्षभराची रोगराई आणि संकटं तिच्यासोबत गावाबाहेर जावीत, ही त्यामागची श्रद्धा. गेममध्ये शंभर भुतं मारली की पिवळी मारबत येते आणि पडद्यावरची सगळी भुतं घेऊन जाते. मला ही कल्पना मनापासून आवडली. परदेशी झोंबी पाहून पाहून डोळे थकले असताना आपल्या गल्लीतली मारबत पडद्यावर आली.

पण मारबत आली की भुतं यादीतून जात नव्हती. त्यानं त्यांना फक्त अदृश्य केलं होतं आणि जागच्या जागी थांबवलं होतं. थांबलेलं भूत डाव्या कडेपर्यंत कधी पोचणारच नाही, म्हणजे कडेला झाडून काढण्याचा आमचा दिवाळीचा उपाय त्याला लागूच होत नव्हता. भाच्याला एका धावेत एखादी मारबत मिळायची, भाची आठ-नऊ गोळा करायची. म्हणून तिच्याकडेच गेम अटकायचा. मी म्हटलं, मिरवणूक काढलीस, दहन राहिलं. एक ओळ बदलली आणि काम झालं.

अदृश्य करणं आणि काढून टाकणं यातला हा फरक लक्षात ठेवा. गेममध्ये नवी शक्ती, नवा राक्षस, नवी पातळी काहीही घातलं की कोपऱ्यातले ते दोन आकडे पुन्हा बघा. आम्ही आता ते आकडे कायमच ठेवलेत.

तिसरी खेप : मे महिना

मे महिन्यात रिफ्रेश करून काहीच फरक पडेना. कोपऱ्यातले आकडे शहाण्यासारखे वागत होते : भुतं ११, गोळ्या १४. तरी गेम रडत होता. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर ४५ अंश, कूलर चालू असूनही खोलीत ३८ च्या खाली काही उतरत नव्हतं, आणि लॅपटॉप गादीवर. मी हात लावून पाहिला तर खालच्या जाळीला गादीची खोळ चिकटून बसली होती. हवा आत जायला जागाच नव्हती.

प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. बाहेर टाकता येणारी उष्णता चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. चिप ९५ वर, खोली २५ वर, तर फरक ७०. खोली ४२ वर गेली तर फरक ५३. तोच पंखा, तेच मशीन, पण उष्णता फेकायची ताकद साधारण चौथाईनं कमी. जानेवारीत पुरणारा लॅपटॉप मे महिन्यात पुरत नाही तो यामुळे. मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सोसलेलं हे शहर आहे, गेम बनवताना आणि खेळताना ते विसरून चालत नाही.

फोनची मर्यादा तर याहून खालची. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा म्हणतं, आणि आपल्याकडे एप्रिल लागला की दुपार त्यापुढेच असते. फोन तापला की आधी पडद्याचा उजेड कमी होतो, मग फ्रेम कमी होतात. चार्जिंगला लावून खेळू नका, कव्हर काढा. फ्रिजमध्ये ठेवायचा प्रकार काही पोरं करतात तो मुळीच करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कूलरच्या अगदी तोंडाशीही ठेवू नका, त्याच्या हवेत पाण्याचे कण असतात. लॅपटॉप गादीवरून उचलून फरशीवर ठेवा, मागच्या कडेखाली दोन जाड वह्या सरकवा. एवढ्यानं आमचा गेम तीन मिनिटांवरून सात मिनिटांवर गेला. तापमान दाखवणाऱ्या एखाद्या ॲपच्या एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नका. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर गाजावाजा झाला आणि नंतर तो सेन्सरचा दोष निघाला. हात लावून बघा, पंख्याचा आवाज ऐका, विश्रांतीनंतर गेम सुधारतो का ते बघा.

आणखी चार मिनिटं आम्ही गेमकडून वसूल केली, आणि भुतांच्या गेममध्ये ही जागा ठरलेली असते : चकाकी. हडळीभोवती हिरवा उजेड, मुंजाभोवती निळा. भाच्यानं तो कॅनव्हासच्या, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या फलकाच्या, शॅडो-ब्लरनं (धूसर सावली काढायच्या सोयीनं) काढला होता आणि तो उजेड प्रत्येक फ्रेमला, प्रत्येक भुतासाठी नव्यानं शिजत होता. दिसायला देखणा, पण फार महाग. उजेडासकट हडळ एकदाच, न दिसणाऱ्या वेगळ्या कॅनव्हासवर काढून ठेवा आणि नंतर ते तयार चित्र फक्त चिकटवत जा. डोळ्यांना तसूभर फरक कळत नाही. धुक्याचे चार अर्धपारदर्शक थर होते, ते दोनवर आणले. फोनवर आणखी एक गोष्ट. पडद्याची मोजणी ३६० बाय ८०० असली तरी तिप्पट घनतेच्या पडद्यावर गेम १०८० बाय २४०० ठिपके रंगवतो, म्हणजे जवळजवळ २६ लाख, दर फ्रेमला. घनता दोनपटीवर रोखली तर साडेअकरा लाख. धावत्या भुताच्या कडा थोड्या मऊ दिसतात, आणि भुताला ते शोभतंच.

बनवत नसाल, फक्त खेळत असाल तर

पहिल्या सेकंदापासूनच गेम जड चालत असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे का बघा. ते बंद असेल तर सगळं चित्र बिचारा प्रोसेसरच काढत बसतो. बदलल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा लागतो. लॅपटॉप चार्जरवर नसेल तर क्रोमचा एनर्जी सेव्हर तपासा, बॅटरी २० टक्क्यांवर आली की तो आपोआप लागू शकतो. आयफोनवर लो पॉवर मोड चालू असला की सफारी असे गेम सेकंदाला ३० फ्रेमवर आणते, मग कितीही रिफ्रेश करा. आणि शिफ्ट व एस्केप एकत्र दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन प्रोसेसर खातंय ते तिथे दिसतं. ताईच्या लॅपटॉपवर एक कूपन शोधणारं एक्स्टेन्शन सापडलं, गेमपेक्षा जास्त काम ते करत होतं.

गेम अटकत नाही, उलट दुप्पट वेगानं धावतो, अशीही तक्रार येते. नव्या फोनचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो. बनवणाऱ्यानं 'दर फ्रेमला इतकं पुढे' असं लिहिलं असेल, तर ६० च्या पडद्यावरचा मुंजा १२० वर दुप्पट पळतो. खेळणाऱ्यानं फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० निवडावं. बनवणाऱ्यानं दोन फ्रेममधला वेळ मोजून त्या वेळेच्या हिशेबानं पुढे सरकवावं. मग दुसरा खड्डा येतो : फोन आला, दुसरा टॅब उघडला, तर मागे राहिलेल्या टॅबमध्ये ब्राउझर फ्रेम देणं थांबवतो. परत आल्यावर मधला वेळ ४० सेकंद भरतो आणि पोरगा एका उडीत भिंतीपलीकडे. एका फ्रेमचा वेळ ५० मिलिसेकंदांच्या वर धरूच नका, आणि टॅब लपला की गेम सरळ थांबवा. 'गोळी लागते पण हडळ मरत नाही' याचंही मूळ बऱ्याचदा इथेच असतं. सेकंदाला ९०० ठिपके जाणारी गोळी ६० फ्रेमवर दर फ्रेमला १५ ठिपके सरकते, २० फ्रेमवर ४५. हडळ ३२ ठिपके रुंद असेल तर गोळी कधी कधी तिच्या अलीकडून थेट पलीकडे जाते, मध्ये तिला शिवतच नाही. गोळीची चाल लहान लहान टप्प्यांत तपासा.

उडी आणि गोळी एकत्र चालत नसेल, तर ते अटकणंच नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये तीन ठरावीक कळा एकत्र दाबल्या की एक कळ पोचतच नाही. बाणांऐवजी दुसऱ्या कळा निवडून बघा. गोळीसाठी कंट्रोल मात्र घेऊ नका, डब्ल्यूसोबत दाबला गेला की टॅबच बंद होतो. शिफ्टही नको, पाचदा दाबली की विंडोज स्टिकी कीजची खिडकी पुढे करतं.

आवाज सुरुवातीला येत नाही, हा दोष नव्हे. तुम्ही एकदा क्लिक केल्याशिवाय पानानं आवाज करू नये असा ब्राउझरचा नियमच आहे. आणि लहानपणी सायबर कॅफेत खेळलेला भुतांचा गेम आज उघडतच नसेल तर तो बहुधा फ्लॅश या जुन्या तंत्रावरचा असेल. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. रफल नावाच्या एम्युलेटरवर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, यातले पुष्कळ गेम आजही चालतात.

एवढं सगळं करूनही अटकलाच, तर बनवणाऱ्याला नुसतं 'हँग होतो' असं कळवू नका. कितव्या मिनिटाला अटकला, लगेच रिफ्रेश केल्यावर काय झालं, नेट बंद करून काय झालं, मशीन कुठलं, चार्जर लावलेला होता का, एवढं कळवा. भाच्याला असे चार तपशील मिळाले की तो आता अर्ध्या तासात दोष पकडतो.

काल रात्री दिवे गेले होते. लॅपटॉप फरशीवर, खाली दोन वह्या, बॅटरी ६४ टक्के. भाची अकरा मिनिटं चाळीस सेकंद धावली, कोपऱ्यात भुतं १२, गोळ्या ९. शेवटी खविसानं धरलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, या वेळी गेमची चूक नव्हती."